विमानप्रवासात बुलेटप्रूफ जॅकेट: अंगात की सामानात?

१७ ऑगस्ट २०१५ रोजी बँकॉकमध्ये एरावन इथल्या ब्रह्मदेवाच्या देवस्थानात बॉम्बस्फोट झाला आणि २० माणसे मृत्युमुखी पडली. बातमीसाठी हाँगकाँगहून एक वृत्तछायाचित्रकार तिथे गेला होता. काम आटोपून तो परतीच्या विमानासाठी सुवर्णभूमी विमानतळावर आला, तेव्हा त्याच्याकडे बुलेटप्रूफ जॅकेट आणि हेल्मेट सापडले. त्याला तिथेच अटक झाली. थायलंडच्या १९८७ च्या शस्त्रनियंत्रण कायद्यानुसार बुलेटप्रूफ जॅकेट युद्धसामग्रीत मोडते आणि परवान्याशिवाय ते बाळगल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जामीन मिळाला, काही महिन्यांनी खटलाही मागे घेतला गेला. पण जीव वाचवण्यासाठी नेलेल्या वस्तूपायी हा माणूस काही काळ कोठडीत राहिला.

युद्धाच्या, दंगलीच्या, दहशतवादाच्या बातम्या रोज घरात येतात. कामासाठी अशा भागात जाणाऱ्या मराठी माणसांची संख्याही लहान नाही. त्यामुळे जॅकेट बरोबर न्यावे का, न्यायचे तर अंगात घालून की सामानात, विमानतळावर अडवतील का, हे प्रश्न आता खरोखर विचारले जातात. त्यांची उत्तरे दोन अगदी वेगळ्या ठिकाणी सापडतात: काही जॅकेटच्या बांधणीत, आणि बरीचशी त्या त्या देशाच्या कायद्यात.

कोणाला लागते

युद्धभूमीवर जाणारे पत्रकार आणि छायाचित्रकार, मदतसंस्थांचे डॉक्टर आणि कार्यकर्ते, भूसुरुंग काढणारी पथके, परदेशात खासगी सुरक्षा कंपन्यांत काम करणारे माजी सैनिक, तेलक्षेत्रातले अभियंते ही मंडळी नागरी विमानाने जातात आणि विमानातून उतरल्यावर त्यांना धोक्याच्या रस्त्याने जावे लागते. सैन्यातले लोक मोहिमेवर जाताना बहुतेक लष्करी विमानाने जातात, त्यांची व्यवस्था वेगळी असते.

जहाजावरच्या लोकांचा उल्लेख मुद्दाम करायला हवा, कारण कोकणातल्या आणि गोव्यातल्या कितीतरी घरांतली मुले दर्यावर नोकरीला आहेत. एडनच्या आखातातल्या चाचेगिरीनंतर जहाज कंपन्यांसाठी जे मार्गदर्शक नियम तयार झाले, त्यांत जहाजाच्या ब्रिजवर असणाऱ्यांसाठी केव्हलारची जॅकेटे आणि हेल्मेटे ठेवण्याची सूचना आहे. ही साधने जहाजावर ठेवण्याची जबाबदारी कंपनीची आहे. जहाज गाठण्यासाठी मुंबईहून विमानाने दुबईला किंवा सिंगापूरला जाणाऱ्या खलाशाने स्वतःचे जॅकेट विकत घेऊन नेण्याची गरज नाही. ब्रिजवर ते आहे की नाही, हे मात्र त्याने नोकरीवर रुजू होण्याआधी एजंटला जरूर विचारावे.

आणखी एक वर्ग असतो, तो म्हणजे नुसत्या काळजीपोटी जॅकेट घेणाऱ्यांचा. मुलगी परदेशी शिकायला चालली, तिथल्या गोळीबाराची बातमी वाचली आणि वडिलांनी जॅकेट शोधायला सुरुवात केली. या काळजीला हसण्यासारखे काही नाही. पण त्या वडिलांनी पुढचा मजकूर सर्वांत जास्त लक्ष देऊन वाचावा.

आत काय असते

बोलताना आपण सगळ्यालाच बुलेटप्रूफ जॅकेट म्हणतो, पण त्यात दोन जाती आहेत. एक मऊ, दुसरी कडक.

मऊ जॅकेट म्हणजे अतिशय चिवट धाग्याच्या कापडाचे अनेक थर. १९६५ साली अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीत काम करणाऱ्या स्टेफनी क्वोलेक या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी केव्हलारच्या मुळाशी असलेला पदार्थ शोधून काढला आणि सत्तरच्या दशकात पोलिसांसाठी अंगात घालण्याजोगी हलकी जॅकेटे शक्य झाली. गोळी येऊन आदळली की हे धागे तिला जाळ्यासारखे पकडतात, तिचे टोक चपटे होते आणि तिचा जोर आजूबाजूच्या धाग्यांत वाटला जातो. आज केव्हलारच्या जोडीला अतिशय घट्ट जातीच्या पॉलिथिलीनचे धागेही वापरतात. असे जॅकेट साधारण दोन ते तीन किलोंचे असते आणि शर्टाच्या आत घालता येते.

रायफलची गोळी मात्र याला जुमानत नाही. तिच्यासाठी पुढे आणि मागे कप्प्यात कडक प्लेट घालावी लागते. प्लेट सिरॅमिकची, पॉलिथिलीनची किंवा पोलादाची असते. सिरॅमिक गोळीचे टोक फोडते, त्यामागचा धाग्यांचा थर उरलेले तुकडे पकडतो. अशी एकेक प्लेट सुमारे अडीच ते साडेतीन किलोंची असते. मुंबईच्या ट्रॉम्बेमधल्या भाभा अणुसंशोधन केंद्राने तयार केलेल्या ‘भाभा कवच’ या जॅकेटमध्ये बोरॉन कार्बाइड हे सिरॅमिक आणि कार्बन नॅनोट्यूब वापरल्या आहेत. हैदराबादची मिधानी ही सरकारी कंपनी ते बनवते.

किती अडवते, किती नाही

जगात बहुतेक ठिकाणी अमेरिकेच्या एनआयजे या संस्थेचे मानक प्रचलित आहे. त्यातल्या जुन्या, पण अजून सर्रास वापरल्या जाणाऱ्या पायऱ्यांप्रमाणे ‘थ्री-ए’ दर्जाचे मऊ जॅकेट ९ मिलिमीटरच्या पिस्तुलाची गोळी अडवते. ‘थ्री’ दर्जाची प्लेट ७.६२ मिलिमीटरच्या नेहमीच्या रायफल गोळीसाठी आणि ‘फोर’ दर्जाची प्लेट चिलखतभेदी गोळीसाठी असते. २०२३ च्या नव्या मानकात ही नावे बदलली आणि पिस्तूल व रायफल यांचे गट वेगळे केले. भारतात भारतीय मानक ब्यूरोचे आयएस १७०५१ हे मानक २०१८ साली आले आणि त्यात सहा पायऱ्या आहेत.

हे मानक यायला आपल्याकडे २०१८ उजाडले, याची खंत वाटते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवर दहशतवादी हल्ला झाला, तेव्हा दहशतवादविरोधी पथकाचे प्रमुख हेमंत करकरे यांना जॅकेट आणि हेल्मेट चढवताना सगळ्या महाराष्ट्राने दूरचित्रवाणीवर पाहिले. त्याच रात्री ते मारले गेले. त्यानंतर त्यांच्या जॅकेटच्या दर्जावर प्रश्न उभे राहिले, ते जॅकेटच सापडेना आणि त्यांच्या पत्नी कविता करकरे यांना माहितीच्या अधिकाराखाली त्याचा माग काढावा लागला. दर्जा ठरवणारे आणि तपासणारे देशी माप त्या वेळी असते, तर निदान त्या एका प्रश्नाचे उत्तर मिळायला सोपे गेले असते.

जॅकेट घेणाऱ्याने तीन मर्यादा ध्यानात ठेवाव्यात. जॅकेट छाती, पाठ आणि पोटाचा काही भाग झाकते. मान, काख, खांदा, मांड्या उघड्याच राहतात. गोळी अडली तरी तिचा धक्का आत पोचतो. एनआयजेच्या चाचणीत जॅकेटमागच्या मातीत ४४ मिलिमीटरपर्यंत खड्डा पडलेला चालतो, यावरून बरगड्यांवर काय बेतू शकते याची कल्पना येईल. आणि गोळी अडवणारे जॅकेट सुरीही अडवेल असे धरून चालता येत नाही. धारदार टोक धाग्यांच्या मधून घुसते. सुऱ्यापासून बचाव करणाऱ्या जॅकेटचे मानकच वेगळे आहे.

विमानात बसल्यावर त्याचा उपयोग

ही तिसरी मर्यादा विमानाच्या बाबतीत फार महत्त्वाची ठरते. विमानात चढणाऱ्या प्रत्येकाची तपासणी झालेली असते. बंदूक घेऊन कोणी शेजारी बसलेला असण्याची शक्यता रस्त्यावर, बाजारात किंवा रेल्वे स्थानकावर असते त्याच्या तुलनेत नगण्य. ११ सप्टेंबर २००१ च्या अपहरणकर्त्यांनी चाकू-कटर वापरले होते, आणि त्यापासून बुलेटप्रूफ जॅकेट भरवशाचे संरक्षण देत नाही. विमानात स्फोट झालाच, तर प्रवाशाचे नशीब विमानाच्या सांगाड्यावर अवलंबून असते, अंगातल्या जॅकेटवर नाही.

उलट ते अंगात असले तर अडचणीच जास्त. आणीबाणीत विमान रिकामे करायची वेळ येते तेव्हा एकेक सेकंद मोलाचा असतो. निम्मीच दारे वापरून ९० सेकंदांत सगळे प्रवासी बाहेर पडू शकतात हे दाखवल्याशिवाय मोठ्या प्रवासी विमानाला प्रमाणपत्र मिळत नाही. दोन प्लेटा अंगावर असलेला माणूस अरुंद वाटेतून हळू सरकतो, घसरगुंडीवर त्याला नीट बसता येत नाही आणि त्याच्या मागचे लोक अडकतात. धक्का बसण्यापूर्वी पुढे वाकून डोके खाली घ्यायला सांगतात. छातीवर कडक प्लेट असेल तर पुरेसे वाकता येत नाही. विमान पाण्यावर उतरले तर लाइफ जॅकेट चढवावे लागते. ते अंगातल्या जाडजूड कवचावर बांधायचे आणि वर आठ-नऊ किलोंचे ओझे पाण्यात तरंगत ठेवायचे, हे जिवावर बेतू शकते. नुसत्या मऊ जॅकेटचे वजन कमी, तरी दहा-बारा तासांच्या प्रवासात घाम, उकाडा आणि छातीवरचा आवळपणा सोसावा लागतोच.

माझे मत स्पष्ट आहे: नागरी विमानात बसताना हे जॅकेट अंगात नसावे. जास्तीच्या सामानाचे पैसे वाचवण्यासाठी काहीजण ते अंगात घालून जातात. जड जॅकेट अंगावर चढवून ती बचत होते खरी, पण तपासणीच्या रांगेत त्याची किंमत मोजावी लागते.

तपासणीच्या रांगेत

तपासणी करणाऱ्याला काय दिसते ते समजून घेतले की अर्धे प्रश्न सुटतात.

पोलादी प्लेट धातुशोधकाच्या चौकटीतून जाताना आवाज करते. सिरॅमिक आणि पॉलिथिलीनच्या प्लेटा आवाज करत नाहीत, पण ज्या विमानतळांवर संपूर्ण शरीराचे स्कॅनर आहेत तिथे कपड्यांखालची कोणतीही जाड वस्तू पडद्यावर खुणेसारखी उमटते. भारतात तर जवळपास प्रत्येक प्रवाशाच्या अंगावरून यंत्र आणि हात फिरतो, त्यामुळे शर्टाखालचे जॅकेट लपण्याचा प्रश्नच नाही. आणि शर्टाखाली कडक, पट्ट्यांनी बांधलेली वस्तू हाताला लागली, की कोणत्याही देशातल्या जवानाच्या मनात पहिला विचार स्फोटकांच्या पट्ट्याचा येतो. तो यायलाच हवा, त्याचे काम ते आहे. पुढे जे होते ते त्याच्या जागी आपण असतो तर आपणही केले असते.

सामानातले जॅकेट एक्स-रे यंत्राखाली जाते. या यंत्राच्या पडद्यावर सेंद्रिय पदार्थ नारिंगी, धातू निळे आणि मधल्या जातीचे पदार्थ हिरवे दिसतात. केव्हलार आणि पॉलिथिलीन दोन्ही सेंद्रिय, म्हणून ते नारिंगी दिसतात. प्लॅस्टिक स्फोटकेही नारिंगीच दिसतात. पॉलिथिलीनची प्लेट म्हणजे पडद्यावर एक सपाट, जाड, नारिंगी लादी. ती पाहून यंत्रावरच्या माणसाने बॅग बाजूला काढली तर त्यात राग मानण्यासारखे काहीच नाही. पोलादी प्लेटेच्या बाबतीत अडचण वेगळी: तिच्यामागे काय आहे ते दिसत नाही, म्हणून बॅग उघडावी लागते.

जॅकेट केबिन बॅगेत असेल तर लॅपटॉपसारखे ते स्वतःहून बाहेर काढून ट्रेमध्ये वेगळे ठेवावे, प्लेटा कप्प्यांतून काढून शेजारी ठेवाव्यात आणि विचारण्याआधी सांगावे. सांगताना शब्द जपून वापरावेत. ‘बॉम्ब’ हा शब्द नकारार्थीसुद्धा तोंडातून काढू नये. ‘यात माझे संरक्षक जॅकेट आहे, मी अमुक संस्थेचा पत्रकार आहे, हे पत्र’ एवढे पुरते.

भारतातून निघताना

आपल्याकडे विमानतळावरच्या सुरक्षेचे नियम नागरी विमान सुरक्षा ब्यूरो, म्हणजे बीसीएएस, ठरवते आणि मोठ्या विमानतळांवर प्रत्यक्ष तपासणी केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान करतात. कंदाहार अपहरणानंतर, २००० सालापासून, हे काम या दलाकडे येऊ लागले. पुणे आणि दाबोळी हे विमानतळ तर अनुक्रमे हवाई दलाच्या आणि नौदलाच्या तळांवर आहेत. तिथे लष्करी दिसणाऱ्या कोणत्याही वस्तूकडे अधिक बारकाईने पाहिले जाणे साहजिक आहे.

वजनाचा हिशेब इथेच मांडून घ्यावा. मऊ जॅकेट अडीच किलो, दोन प्लेटा मिळून सहा, हेल्मेट दीड, असे सगळे दहा किलोंच्या घरात जाते. आपल्या बहुतेक कंपन्या केबिन बॅगेला सात किलोंची मर्यादा घालतात. म्हणजे पूर्ण संच केबिनमध्ये नेणे मुळातच जमत नाही. तो चेक-इन सामानात जावा, आणि तिकीट काढतानाच विमान कंपनीला लेखी कळवून तिचे उत्तर छापून जवळ ठेवावे. कंपनीला एखादी वस्तू नाकारण्याचा अधिकार असतो. काउंटरवर वाद घालून तो बदलत नाही.

यापेक्षाही गंभीर गोष्ट कप्प्यांची. अशा जॅकेटला पुढे मॅगझिनसाठी कप्पे असतात. सरावाच्या मैदानावर वापरलेल्या जॅकेटच्या किंवा बॅगेच्या कप्प्यात एखादे काडतूस राहून गेलेले असते. भारतीय विमानतळांवर सामानात जिवंत काडतूस सापडणे ही वारंवार घडणारी गोष्ट आहे आणि तसे झाले की १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला जातो. विमान तर चुकतेच. धुराची नळकांडी, अश्रुधुराचा फवारा, घडीचा चाकू यांनाही तेच लागू. जॅकेट बॅगेत भरण्यापूर्वी प्रत्येक कप्पा उलटा करून झटकावा. दुसऱ्याकडून मागून आणलेले जॅकेट असेल तर दोनदा.

निघताना कस्टमकडून निर्यात प्रमाणपत्र घ्यावे. जॅकेट महाग असते, आणि परत येताना ते परदेशात विकत घेतलेले नाही हे दाखवायला हा कागद उपयोगी पडतो. मोठ्या वृत्तसंस्था कॅमेऱ्यांसह सगळ्या साहित्यासाठी एटीए कार्ने नावाचे तात्पुरत्या आयातीचे कागदपत्र काढतात. भारतात ते फिक्कीमार्फत मिळते.

अमेरिका

विमानतळावरच्या तपासणीपुरते पाहिले तर अमेरिका या बाबतीत बरीच मोकळी आहे. तिथल्या टीएसए या संस्थेच्या यादीनुसार संरक्षक जॅकेट केबिन बॅगेतही चालते आणि चेक-इन सामानातही. शेवटचा शब्द मात्र समोरच्या अधिकाऱ्याचा.

पण चालते याचा अर्थ कोणी लक्ष देत नाही असा नाही. ऑक्टोबर २०१२ मध्ये जपानहून दक्षिण कोरियामार्गे लॉस एंजेलिसला उतरलेल्या एका प्रवाशाने लांब कोटाच्या आत बुलेटप्रूफ जॅकेट आणि आगरोधक पँट घातली होती. कस्टमच्या अधिकाऱ्यांचे लक्ष त्या पेहरावाकडे गेले, त्यांनी सामान उघडले, आणि आत धुराचा ग्रेनेड निघाला. त्याच्यावर आरोप लागला तो धोकादायक पदार्थ विमानातून नेल्याचा. जॅकेट घालणे हा गुन्हा ठरला नाही, पण सगळा तपास सुरू झाला तो त्या जॅकेटपासून.

तिथल्या केंद्रीय कायद्यानुसार हिंसक गुन्ह्यात शिक्षा झालेल्या माणसाला असे जॅकेट बाळगता येत नाही. राज्याराज्यांचे नियम आणखी वेगळे. कनेक्टिकटमध्ये सामान्य ग्राहकाला ते समोरासमोर व्यवहार करूनच घ्यावे लागते. न्यूयॉर्कने २०२२ मध्ये बफेलो इथल्या सुपरमार्केटमधल्या हत्याकांडानंतर ठरावीक व्यवसायांखेरीज इतरांना ते विकण्यावर बंदी आणली. तिथल्या सुरक्षारक्षकाची गोळी हल्लेखोराच्या चिलखतावर आदळून वाया गेली होती, हे या बंदीमागचे कारण. मुलाला तिथे गेल्यावर जॅकेट घेऊन देऊ, असा विचार करणाऱ्या पालकांनी हे आधी पाहावे.

जिथे जॅकेट हाच गुन्हा

थायलंडचा दाखला सुरुवातीला दिलाच. तिथला नियम अधिक बोचतो तो एका कारणाने: २०१० च्या बँकॉकमधल्या संघर्षात दोन परदेशी पत्रकार गोळ्या लागून मरण पावले होते. तरी परवान्याशिवाय जॅकेट बाळगणारा पत्रकार कायद्याने आरोपीच ठरतो. तिथल्या परदेशी पत्रकारांच्या संघटनेने याविरुद्ध आवाज उठवला आहे. त्यांचे म्हणणे मला पूर्ण पटते. ज्या वस्तूने दुसऱ्याला इजा होत नाही, ती पत्रकाराच्या अंगावर असण्यात राज्याचे काही बिघडत नाही. पण सुवर्णभूमीवर उतरणाऱ्याला तिथला कायदाच लागू होतो, आपले मत नाही.

ऑस्ट्रेलियात परवानगीशिवाय असे जॅकेट आणणे निषिद्ध आयातीत मोडते. न्यू साउथ वेल्स राज्याच्या १९९८ च्या कायद्यात तर ते निषिद्ध शस्त्रांच्या यादीत घातले आहे आणि शिक्षेची कमाल मर्यादा १४ वर्षे आहे. सिडनीला मुलाकडे जाणाऱ्या आईवडिलांच्या बॅगेत हे कधी असू नये. कॅनडात ब्रिटिश कोलंबिया, अल्बर्टा, मॅनिटोबा या प्रांतांत परवाना लागतो.

आपल्याला हे विचित्र वाटले तर उलट बाजूचे उदाहरण आपल्याच घरात आहे. परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन आणणारे परदेशी पर्यटक भारतीय विमानतळांवर, गोव्यातही, पकडले गेले आहेत. त्यांच्या देशात ती डोंगरात फिरताना बरोबर ठेवायची साधी वस्तू असते.

यात फसगत होते ती मधल्या थांब्याची. सामान थेट शेवटच्या मुक्कामाचे असेल आणि आपण विमानतळाबाहेर पडणार नसू, तर मधल्या देशाच्या कस्टमशी सहसा संबंध येत नाही. पण दोन वेगळी तिकिटे काढली असतील, तर बॅग घेऊन बाहेर येऊन पुन्हा आत जावे लागते आणि त्या देशाचा कायदा लागू होतो. अमेरिकेत तर पहिल्या उतरण्याच्या ठिकाणीच सामान ताब्यात घेऊन कस्टममधून जावे लागते. विमान रद्द झाले आणि रात्रीचा मुक्काम मधल्या शहरात पडला, तरी तीच वेळ येते. म्हणून जॅकेट बरोबर असेल तर तिकीट एकच काढावे आणि थांबा निवडताना पैशांच्या आधी तिथला कायदा पाहावा.

निर्यातीचा कायदा

जॅकेट देशाबाहेर नेणे ही कायद्याच्या भाषेत निर्यातही असू शकते. लष्करी आणि दुहेरी उपयोगाच्या मालावर नियंत्रण ठेवणाऱ्या वासेनार कराराच्या यादीत शरीरकवचाचा समावेश आहे. भारत डिसेंबर २०१७ मध्ये या कराराचा ४२ वा सदस्य झाला. याच यादीत एक महत्त्वाची सवलत दिली आहे: वापरणाऱ्याबरोबर, त्याच्या स्वतःच्या संरक्षणासाठी जाणाऱ्या कवचावर हे नियंत्रण नाही. आपल्याकडे अशा मालाची स्कोमेट नावाची यादी विदेश व्यापार महासंचालनालय सांभाळते.

सवलत एका माणसाच्या एका संचापुरती धरावी. सहकाऱ्यांसाठी चार जॅकेटे एकाच बॅगेत भरून नेली, की तो माल होतो आणि परवान्याचा प्रश्न उभा राहतो. अमेरिकेतून निघणाऱ्यांसाठी नियम आणखी काटेकोर आहेत. तिथे ‘फोर’ दर्जाचे कवच शस्त्रनिर्यातीच्या नियमांखाली येते. अमेरिकी नागरिक किंवा कायम रहिवासी असलेल्याला एक संच तात्पुरता नेता येतो, पण आधी कस्टमकडे नोंद करून, स्वतःच्या वापरासाठी, परत आणण्याच्या अटीवर आणि बंदी घातलेले देश वगळून. ग्रीन कार्डावर राहणाऱ्या आपल्या माणसांनी भारतात येताना ‘चांगल्यातले चांगले’ म्हणून असे जॅकेट नातेवाइकाला भेट द्यायला आणू नये. भेट दिली की परत नेण्याची अट मोडते.

सामान कसे बांधावे

सिरॅमिक कठीण असते, तसेच ठिसूळही. विमानतळावर बॅगा कशा आपटल्या जातात ते सर्वांना माहीत आहे. बाहेरून धड दिसणाऱ्या प्लेटेला आतून तडा गेलेला असू शकतो आणि तो एक्स-रे काढल्याशिवाय कळत नाही. म्हणून प्लेटा जॅकेटमधून काढून, प्रत्येक वेगवेगळी जाड कपड्यात गुंडाळून, बॅगेच्या मधोमध ठेवाव्यात. कडेला किंवा चाकांजवळ नकोत. पडलेली, आदळलेली प्लेट पुन्हा वापरण्याआधी तपासून घ्यावी.

केव्हलारला ओल आणि ऊन सोसत नाही. आतल्या धाग्यांच्या पॅनेलवरचे जलरोधक आवरण फाटलेले नाही ना ते पाहावे, आणि पॅनेल घडी न घालता सपाट ठेवावे. धागा दिसायला शाबूत आणि आतून कमकुवत होऊ शकतो, याचा कडू धडा जगाने झायलॉन नावाच्या धाग्याच्या बाबतीत घेतला: उष्णता आणि दमटपणाने तो कमजोर होतो हे पुढे आले आणि २००५ मध्ये एनआयजेने त्याच्या जॅकेटांची मान्यता काढून घेतली. मऊ जॅकेटला साधारण पाच वर्षांची हमी असते. शिक्क्यावरची तारीख उलटलेले, स्वस्तात मिळालेले जुने जॅकेट घेऊन युद्धभूमीवर जाऊ नये.

बॅगेवर ‘प्रेस’ अशी मोठी पट्टी लावणे टाळावे. जॅकेटवरच्या पट्ट्या निघण्याजोग्या असतील तर त्या प्रवासात काढून ठेवाव्यात. छद्मरंगी, लष्करी दिसणारे जॅकेट तर पत्रकाराने घेऊच नये. विमानतळावर ते संशय वाढवते आणि रणांगणावर नेम ओढवून घेते. गडद निळा रंग पत्रकारांमध्ये रूढ झाला आहे.

न नेता मिळाले तर

धोका असतो तो बहुतेक वेळा विमानतळाबाहेर पडल्यावरच्या रस्त्यावर. इराक युद्धाच्या काळात बगदाद विमानतळापासून शहरापर्यंतचा रस्ता जगातल्या सर्वांत घातक रस्त्यांत गणला जाई. अशा ठिकाणी चांगल्या सुरक्षा कंपन्या प्रवाशाला घ्यायला येतानाच जॅकेट आणि हेल्मेट गाडीतून आणतात. संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमा आणि मोठ्या वृत्तसंस्था आपल्या माणसांना तिथेच साधने देतात. ‘रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स’ ही संस्था पत्रकारांना जॅकेटे आणि हेल्मेटे वापरायला उसनी देते. स्वतंत्रपणे काम करणाऱ्या, मागे मोठी कंपनी नसलेल्या पत्रकाराने तिथे जरूर विचारावे. युक्रेनचे आकाश फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद आहे. तिथे जाणारे पोलंडसारख्या शेजारच्या देशात उतरतात आणि पुढे रस्त्याने किंवा रेल्वेने जातात. सीमा ओलांडण्याआधीच्या शहरात साधने मिळण्याची सोय झाली, तर विमानतळावरची सगळी यातायात टळते.

स्वतःचे जॅकेट न्यावेच लागले, तर तीन कागद छापील स्वरूपात हाताशी ठेवा: जॅकेट कशासाठी लागते हे सांगणारे मालकाचे किंवा संपादकाचे पत्र, जॅकेटची पावती आणि दर्जाचे प्रमाणपत्र, आणि जिथे जाणार त्या देशाच्या वकिलातीचे लेखी उत्तर. तिसरा कागद मिळायला सर्वांत जास्त वेळ लागतो, म्हणून तिकीट काढण्याआधी पहिला ईमेल वकिलातीला पाठवा. आणि मधला थांबा असलेल्या देशाच्या वकिलातीलाही त्याच दिवशी दुसरा.